ओजीएन: कोरियातलं गेमिंगचं चॅनल, सीझनभर बघितल्यावर

२०१७ च्या जानेवारीत लीग ऑफ लेजंड्स या पाच-पाच खेळाडूंच्या व्हिडिओ गेमचा कोरियन सीझन सुरू झाला, तेव्हापासून सोलजवळच्या सुवॉन शहरातल्या घरी संध्याकाळी ओजीएन लागलेलं असायचं. माझं कोरियन भाजी घेण्यापुरतं. तरी हे चॅनल सुटायचं नाही, कारण मॅच दाखवायची कशी हे या लोकांना पक्कं ठाऊक होतं. २००० साली ते सुरू झालं. त्याआधी स्टारक्राफ्ट या जुन्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धा टूनिव्हर्स या कार्टून चॅनलवर दाखवत. एमबीसी गेम हे दुसरं गेमिंग चॅनल २०१२ मध्ये बंद झालं, हे मात्र २०१७ मध्येही चालू होतं.

सगळी करामत ऑब्झर्व्हरची, म्हणजे गेममधला कॅमेरा फिरवणाऱ्याची. नकाशावर दहा खेळाडू विखुरलेले असतात आणि आपल्याला दिसते एकच जागा. ती कोणती, हे तो ठरवतो. वरच्या लेनमध्ये, म्हणजे नकाशावरच्या वरच्या वाटेवर, दोघांची झटापट चालू असते आणि कॅमेरा मध्येच नदीकडे वळतो. तिथे झुडपात जंगलर, म्हणजे नकाशावरच्या जंगलातून फिरून अचानक हल्ला करणारा खेळाडू, दबा धरून बसलेला. आपण ‘आला रे’ म्हणेपर्यंत तो तुटून पडतो. इतरत्र मॅच बघताना ‘हा मेला कसा?’ म्हणून मागे जावं लागायचं, इथे ती वेळ फार क्वचित यायची.

पिक-बॅनही, म्हणजे मॅचआधी पात्रं निवडणं आणि बाद करणं, पूर्ण दाखवायचे. दोन्ही संघ आधी तीन-तीन चॅम्पियन (गेममधली पात्रं) बाद करतात, तीन-तीन निवडतात, मग पुन्हा दोन-दोन बाद आणि उरलेले दोन-दोन निवडायचे. हेडसेट लावलेला कोच वही घेऊन खेळाडूंच्या मागे उभा असतो. नव्याने बघणाऱ्याने हा भाग अजिबात चुकवू नये, निम्मी मॅच तिथेच समजते.

कॉमेंट्रीत जॉन योंग-जुन स्टारक्राफ्टच्या काळापासूनचा माणूस. टीमफाइट, म्हणजे दोन्ही संघांची एकत्र झुंज, पेटली की त्याचा आवाज असा चढतो की भाषेवाचून काही अडत नाही. बारकावे हवेत तर मात्र इंग्रजी स्ट्रीमच बघा.

तक्रार होती ती केबलवाल्याची. चॅनल महागड्या पॅकमध्ये टाकलं होतं, त्यासोबत नको असलेली डझनभर चॅनलं गळ्यात पडायची.

सोलमधल्या सांगामच्या ई-स्टेडियममध्ये मॅच बघायची मजा वेगळीच होती. २०१६ मध्ये उघडलेलं, खास याच कामासाठी बांधलेलं. तिथली गर्दी बघितली की २००४ साली बुसानच्या ग्वांगाल्ली किनाऱ्यावर स्टारक्राफ्टच्या फायनलला एक लाखाच्या आसपास माणसं कशी जमली असतील, ते पटायचं.

४ नोव्हेंबर २०१७ ला बीजिंगमध्ये सॅमसंग गॅलेक्सी या संघाने एसकेटी या दुसऱ्या कोरियन संघाला ३-० हरवून वर्ल्ड्स, म्हणजे लीग ऑफ लेजंड्सची जागतिक स्पर्धा, जिंकली. सॅमसंगच्या रूलरने फ्लॅश मारून, म्हणजे क्षणात पुढे उडी घेऊन, एसकेटीच्या फेकरला पकडलं, तो क्षण मी कितीदा बघितला असेल! सॅमसंग कंपनी सुवॉनचीच, त्यामुळे सोमवारी ऑफिसात दुसरा विषय नव्हता. फेकर खुर्चीत बसून रडला, त्याचं मात्र फार वाईट वाटलं.

पुढचा सीझन २०१८ च्या जानेवारीत होता. पॅक महाग असला तरी चालू ठेवायचं ठरवलं.