टब, फ्रिज की गरमी सोसणारं यीस्ट?

घरी बिअर करताना एक गोष्ट लक्षात ठेवा: यीस्टच्या पाकिटावर छापलेलं तापमान खोलीचं नसतं, फर्मेंटरमधल्या, म्हणजे आंबवायच्या भांड्यातल्या बिअरचं असतं. आंबताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं, त्यामुळे ऐन भरात आतलं तापमान खोलीपेक्षा ३ ते ५ अंशांनी सहज चढतं. एल म्हणजे साध्या तापमानात आंबणारी बिअर; तिच्या बहुतेक यीस्टला १८ ते २२ अंश सेल्सिअस मानवतं. त्याच्या बरंच वर गेलं की जड अल्कोहोल तयार होतं आणि घोट घशात जळजळतो. चवीचं बरंचसं पहिल्या तीन दिवसांतच ठरतं, मागाहून थंड करून ती निस्तरता येत नाही.

सर्वांत स्वस्त उपाय पाण्याच्या टबाचा. फर्मेंटर पाण्यात ठेवायचा आणि बर्फ झालेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलायच्या. एवढं पाणी पटकन तापत नाही, हा त्याचा मोठा गुण. वर ओला टी-शर्ट गुंडाळून पंखा लावला तर आणखी थोडं उतरतं, पण हवा कोरडी असेल तरच. एलपुरतं हे चालतं. लागरला, म्हणजे थंडाव्यात आंबणाऱ्या बिअरला, ८ ते १३ अंश लागतात, तेही आठवडाभर किंवा जास्त. तेवढे दिवस बाटल्या बदलत बसायची हौस मला तरी नाही.

लागरच करायची असेल तर जुना फ्रिज आणि तापमानाचा कंट्रोलर घ्याच. मात्र सेन्सर फ्रिजमध्ये नुसता लोंबकळत सोडू नका. फर्मेंटरच्या अंगाला चिकटवा आणि वर फोमचा तुकडा दाबून टेप मारा. नाहीतर कंट्रोलर हवा मोजत राहतो आणि बिअर आपल्या मनाने तापते. कॉम्प्रेसर लगेच पुन्हा सुरू होऊ नये म्हणून मधे काही मिनिटांचा विलंब लावून ठेवा. फ्रिजचा दुसरा फायदा शेवटी कळतो: लागर आंबत आली की दोन-तीन दिवस १६-१८ अंशांवर नेता येते, म्हणजे डायअसिटिल या द्रव्याचा लोण्यासारखा वास यीस्टच खाऊन टाकतं.

तिसरा मार्ग नॉर्वेच्या शेतघरांतून आलेल्या क्वाइक यीस्टचा. त्याचे बरेच प्रकार ३० ते ४० अंशांत खुशाल काम करतात, तेही काही दिवसांत. व्होस प्रकारात संत्र्यासारखा गंध येतो. हॉप्सच्या (कडवट, सुगंधी फुलांच्या) बिअरला तो शोभतो, बाकी ठिकाणी आगाऊ वाटतो. खोली कायम गरम आणि फ्रिजला जागा नाही, अशा वेळी मी डोळे झाकून हेच निवडेन. फक्त हलक्या बिअरमध्ये यीस्टचं खाद्य घालायला विसरू नका, त्यावाचून ते रेंगाळतं.