राजवाडा बंद नव्हता

८२,६५८ रुपये ३९ पैसे. क्रेडिट कार्डाच्या बिलावर हाच आकडा आहे. पैशांसकट लिहिते आहे, कारण नातेवाइकांना सांगताना मी तो दोनदा कमी करून सांगितला. एकदा 'पन्नासेक हजार' म्हणाले, एकदा 'साठच्या आसपास'. इथे तरी खरा लिहिते.

बँकॉकमधली खड्यांची फसवणूक फार जुनी आहे, असं मला आता जो तो ऐकवतो. 'राजवाडा (ग्रँड पॅलेस) बंद आहे' म्हणणारा सभ्य माणूस, वीस बाथमध्ये (बाथ म्हणजे तिथलं चलन) फिरवणारं टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, शेवटी खड्यांचं दुकान. तुम्हालाही हे ठाऊक असेल, म्हणून पहिल्यापासून समजावत बसत नाही. मलाही अर्धवट ठाऊक होतं. तरीही ते घडलं, आणि कसं घडलं तेवढंच सांगायचं आहे.

मी आणि माझी धाकटी बहीण, दोघीच गेलो होतो. सहा दिवस दक्षिण थायलंडमधल्या क्राबीला काढले, बँकॉकसाठी एकच दिवस उरला होता. रात्री ११:२० चं विमान, सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवलेलं. बेत साधा होता: सकाळी राजवाडा, मग वाट फो, मग नदी ओलांडून वाट अरुण ('वाट' म्हणजे तिथलं देऊळ). साथोन धक्क्यावरून नारिंगी झेंड्याच्या बोटीने सोळा-सोळा बाथमध्ये ता चांग धक्क्यावर उतरलो. तिथून राजवाड्याची पांढरी भिंत चालत पाच मिनिटांवर. वेळ ९:३५.

तो माणूस फाटकापाशी नव्हता, भिंतीच्या कोपऱ्याशी होता. आता कळतं, फाटकाजवळ उभं राहून 'बंद आहे' म्हणता येत नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, वय साठीच्या पुढे. त्याने पैसे मागितले नाहीत, काही विकायला काढलं नाही. उलट आमचे कपडे बघून म्हणाला, गुडघे-खांदे झाकलेत, छान केलंत, पुष्कळ लोकांना दारातून परत पाठवतात. पर्स पुढे धरा म्हणाला, गर्दीत पाकीटमार असतात. आणि शेवटी हळूच, आज भिक्खूंची प्रार्थना आहे, परदेशी पाहुण्यांना एक वाजल्यानंतरच सोडतील.

इथेच माझ्या बहिणीने विचारलं, "ताई, मग ही सगळी माणसं आत कशी चाललीत?"

समोरून झेंडीवाल्या गाइडमागे पन्नासेक माणसांचा घोळका जात होता. त्यांच्यामागे आणखी एक. हातात कॅमेरे, डोक्यावर सारख्या टोप्या. आंधळ्यालाही दिसलं असतं. माझ्या बहिणीला दिसलं. आणि मी तिला म्हणाले, "अगं, ते थाई असतील, प्रार्थनेला आले असतील. यांना ठाऊक नसणार का?" म्हणजे त्या माणसाला उत्तर द्यावंच लागलं नाही, त्याचं उत्तर मी दिलं. प्रार्थनेला सारख्या टोप्या घालून कोण येतं? गेले चार महिने ते एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. चाळीस पावलांवर तिकीटखिडकी होती. चाळीस पावलं चालून विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

राजवाडा खरंच बंद आहे की नाही, हे तिकीटखिडकीवरच्या माणसाकडूनच ऐका. रस्त्यावरच्या कोणाकडूनही नाही, गळ्यात कसलंही कार्ड असो. राजघराण्याच्या समारंभासाठी काही भाग कधीकधी खरंच बंद ठेवतात, म्हणून तर ही थाप पटते. आदल्या रात्री राजवाड्याच्या संकेतस्थळावर बघून ठेवा.

त्यानेच आमच्या नकाशावर तीन गोल केले, त्यानेच टुकटुक थांबवलं. पांढऱ्या पाटीचं टुकटुक सरकारी असतं, तीन तास फिरवायचे वीस बाथ, असं त्याने सांगितलं. असलं काही सरकारी टुकटुक नसतं. वीस बाथ म्हणजे आपले पन्नास रुपये. तेवढ्यात तीन तासांचं इंधनही येत नाही, मग ते कोण भरतं, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. भरतं दुकान. आम्हाला नुसतं दारातून आत नेलं तरी चालकाला इंधनाचं कूपन मिळतं, आणि आम्ही काही घेतलं तर वर कमिशन. भाडं परवडण्याइतकं नाही, तर चालकाला परवडूच नये इतकं कमी असेल, तर बसू नका.

पहिल्यांदा वाट इंथरविहानला नेलं. ३२ मीटर उंच उभा सोनेरी बुद्ध, पायाशी फुलं वाहिलेली, गर्दी नाही. खरंच सुंदर आहे, आणि त्या देवळाचा यात काही दोष नाही. मन शांत झालं, आणि तेच त्यांना हवं असतं. तिथून एका लहानशा देवळात नेलं, त्याचं नाव आजही सांगता येणार नाही. तिथे एक चाळिशीचा गृहस्थ एकटाच बसला होता. स्वतःहून बोललाही नाही, मीच फोटो काढून द्याल का म्हणून विचारलं. बोलता बोलता त्याने सांगितलं, मी शिक्षक आहे, बायकोसाठी दरवर्षी याच आठवड्यात नीलम घेतो, सरकारी निर्यात योजनेचा आज शेवटचा दिवस आहे, कर लागत नाही, बाहेरदेशी दुप्पट भावाने विकला जातो.

दोन अनोळखी माणसं, दोन वेगळ्या जागी, एकमेकांना दुजोरा देणारी. मी सदतीस वर्षं हिशेबाच्या खात्यात काम केलं, दोन वेगळ्या कागदांवर एकच आकडा आला की तो बरोबर धरायचा, ही माझी सवय. दोन्ही कागद एकाच हाताने लिहिलेले असतील, असं मनातही आलं नाही.

आणि कर किती, तेही ऐका. थायलंडमध्ये वस्तूंवरचा कर ७ टक्के आहे. म्हणजे सगळा कर माफ झाला असता तरी शंभरातले सात वाचले असते. थायलंडचं सरकार दागिन्यांची दुकानं चालवत नाही, खड्यांचे सेल लावत नाही. 'सरकारी', 'निर्यात' आणि 'आज शेवटचा दिवस' हे तीन शब्द एकत्र कानावर आले की उठून चालू लागा.

मला लोभी म्हणणारे घरात दोघे-तिघे आहेत. 'दुप्पट भाव' हे शब्द कानाला गोड लागले, हे मी नाकारत नाही. पण मी विकायला घेतला नव्हता. बहिणीच्या मुलीचं लग्न आहे, तिच्यासाठी काहीतरी चांगलं न्यावं, असं सहा दिवस मनात होतं. शिवाय बँकॉक हे खड्यांच्या व्यापाराचं जगातलं मोठं केंद्र आहे, थायलंडमधल्याच चांथाबुरीचा खड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे, हे खोटं नाही. खऱ्या गोष्टीच्या आधारानेच थाप उभी राहते. क्राबीत नारळपाण्याच्या भावासाठी घासाघीस करणारी मी, उगाच कार्ड काढणारी बाई नाही.

दुकान वातानुकूलित, स्वच्छ, दारात पहारेकरी. पाणी दिलं, गार रुमाल दिले. भिंगातून खडे दाखवले. पेंडंट आणि कानातल्यांचा सेट, तीन नीलम, सोनेरी कोंदण. किंमत ४६,००० बाथ सांगितली, ३१,५०० वर आले. पावती छापलेली, शिक्का असलेली. पावतीवर कोंदणापुढे ९२५ असं लिहिलं होतं. मला तो डिझाइनचा नंबर वाटला. आपल्याला ९१६ पाठ असतं, बावीस कॅरेट. ९२५ म्हणजे चांदी. सोन्याचं पाणी दिलेली चांदी. त्यांनी खोटं लिहिलंच नव्हतं! ७५० असतं तर अठरा कॅरेट, ३७५ असतं तर नऊ. हे तीन आकडे कुठेतरी लिहून ठेवा, आणि पावती दुकानातच वाचा.

मग सेट पाकिटात घालून चारी बाजूंनी चिकटवला. विमानतळावर उघडं पाकीट दिसलं तर कर भरावा लागेल, घरी जाऊनच फोडा म्हणाले. हे फक्त आम्ही त्याच दिवशी कुणाला दाखवू नये म्हणून. काही जणांचा माल तर दुकानच टपालाने घरी पाठवतं, म्हणजे हातात परत करायला काही उरतच नाही.

बाहेर आलो तर टुकटुक गेलेलं. त्याने वीस बाथसुद्धा घेतले नव्हते.

टॅक्सी मिळून, गर्दीतून राजवाड्याशी पोहोचलो तेव्हा ३:४० झाले होते. फाटकाशी मोठा फलक होता. रोज उघडा, सकाळी ८:३० ते दुपारी ३:३०. खाली आणखी एक ओळ: अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका. बहिणीने तो मोठ्याने वाचला नाही. मी वाचत होते ते तिला दिसत होतं. तिकीट पाचशे बाथ होतं, आम्ही वेगळे काढून ठेवले होते. ते पाकिटात तसेच राहिले. १७८२ पासून उभा असलेला राजवाडा, त्यातला तो हिरवा बुद्ध, आम्ही पाहिला तो भिंतीबाहेरून, छपरांचे कळस तेवढे. वाट फो आणि वाट अरुण दोन्ही सुटले. आमचा दिवस गेला, त्याची नोंद कुठल्याच पावतीवर नाही.

पावतीवरचा पत्ता दाखवून परत दुकानात गेलो. मघाचा विक्रेता नव्हता. दुसऱ्याने पावतीच्या मागची बारीक ओळ दाखवली, पैसे परत नाहीत, बदलून मिळेल. बदलून काय घ्यायचं?

मग जवळची पोलीस चौकी. पन्नास मिनिटं बाकावर. मग एका अधिकाऱ्याने फोनवरच्या भाषांतरातून विचारलं, "खडा खोटा आहे का?" मी म्हणाले, माहीत नाही. "मग तपासणीचा अहवाल आणा." तपासणीला दिवस लागतात, माझं विमान रात्रीचं. "जबरदस्ती केली का?" नाही. "पावती आहे का?" आहे. मग तक्रार कसली, असा चेहरा. लेखी घ्या म्हटलं तर नाही. निदान आम्ही आलो होतो एवढा शिक्का द्या म्हटलं, तर तोही नाही. बाजूच्या टेबलावर एक परदेशी जोडपं तसलंच पाकीट घेऊन बसलं होतं. म्हणजे रोज कोणीतरी येतं, रोज हेच प्रश्न विचारले जातात, आणि दुकान रोज उघडतं. पर्यटकांच्या पोलिसांचा ११५५ हा क्रमांक मला परत आल्यावर कळला. तुम्ही तो आत्ताच फोनमध्ये भरून ठेवा, आणि दुकानातून बाहेर पडल्या पडल्या लावा, रात्रीचं विमान गाठायच्या घाईत नाही.

मायदेशी सराफाने पाच मिनिटांत सांगितलं: नीलम खरे आहेत, पण फिके, आत भेगा, हलक्या प्रतीचे. सगळं मिळून सहा हजार, फार तर सात. खडे खरे आहेत, हीच तर मेख आहे. खोटे असते तर फसवणूक ठरली असती. खरे आहेत म्हणून ती नुसती 'महाग खरेदी' झाली, आणि महाग खरेदी हा कुठेच गुन्हा नाही.

बँकेचं तर विचारूच नका. पहिल्या फोनला अकरा मिनिटं संगीत. मग, कार्ड हरवलं का? नाही. पिन कुणाला सांगितला का? नाही. मग तुमची तक्रार या प्रकारात बसत नाही, मॅडम. दुसऱ्या फोनला वेगळी मुलगी, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्याने फॉर्म पाठवला. फॉर्ममध्ये 'माल मिळाला नाही' आणि 'रक्कम दोनदा वजा झाली' असे रकाने होते, 'माल मिळाला पण थापा मारून विकला' असा रकाना नव्हता. मी वेगळ्या कागदावर दोन पानं लिहून जोडली, सराफाचं पत्रही जोडलं. सत्तेचाळीस दिवसांनी दोन ओळींचं उत्तर: ग्राहकाने स्वतः पिन वापरून व्यवहार केला आहे, वस्तू ग्राहकाच्या ताब्यात आहे, तक्रार बंद करण्यात येत आहे. ती दोन पानं कोणी वाचली तरी का? आणि तक्रार बंद करायला सत्तेचाळीस दिवस घेणाऱ्यांनी परकीय चलनाचा साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे जादा आकार, मात्र त्याच दिवशी लावला होता: २,७७८ रुपये ३० पैसे, त्यावर जीएसटी ५०० रुपये ९ पैसे. म्हणजे मी लुबाडली गेले, त्यावरही बँकेने आपला वाटा घेतला. परदेशी जाण्याआधी कार्डाची परदेशी मर्यादा अ‍ॅपमधून खाली आणा. माझी तीन लाख होती, दहा हजार असती तर व्यवहार झालाच नसता.

बिल मी मुदतीच्या आदल्या दिवशी पूर्ण भरलं. दोन दिवसांनी बहिणीने माझ्या खात्यात ४१,३२९ रुपये टाकले. मी परत पाठवले. तिने पुन्हा टाकले. ते अजून तसेच पडून आहेत, आणि त्यावर आम्ही दोघी एक अक्षरही बोललेलो नाही.