एनएफएसवरून लिनक्स इन्स्टॉल: काही महिन्यांच्या वापरानंतर

खानापूर, निपाणी, बेळगाव भागातल्या शाळांच्या लॅबमध्ये अजून दोन-चार जीबी रॅमची मशिनं भरपूर आहेत. आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची एकच मोठी फाइल) एचटीटीपीवरून, म्हणजे वेबवरून डाउनलोड करतो तसा, घ्यायचा तर तो आधी अख्खा रॅममध्ये उतरतो, आणि जवळपास तीन जीबीचा लिनक्स मिंट तिथं मावत नाही. एनएफएसवरून (सर्व्हरवरचं फोल्डर नेटवर्कवरून वापरायची सोय) लागेल तेवढंच वाचलं जातं. म्हणून पीएक्सई बूट (मशीन नेटवर्कवरूनच सुरू करणं) आणि एनएफएस ही जोडी गेल्या पावसाळ्यापासून वापरात आहे. दहाच्या वर मशिनं असतील तर पेनड्राइव्ह घेऊन फिरण्यापेक्षा कधीही बरी. तीन-चारच असतील तर नादाला लागू नका.

स्क्रीनवरच्या एररवर फार भिस्त ठेवू नका. लाइव्ह फाइल सिस्टिम सापडत नाही, हे एकच रडगाणं इन्स्टॉलर कितीतरी वेगळ्या कारणांसाठी गातो. खरं काय ते सर्व्हरच्या जर्नलमध्ये, म्हणजे लॉगमध्ये कळतं. माउंटडीनं (फोल्डर मागणाऱ्या क्लायंटला होकार-नकार देणारा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम) विनंती नाकारल्याची ओळ असेल तर एक्स्पोर्ट्स फाइल (कोणतं फोल्डर कुणाला द्यायचं ती यादी) तपासा. विनंती मान्य झालेली दिसते आणि तरी गाडी अडली, तर फाइली जागेवर नाहीत. काहीच ओळ नाही? मग क्लायंट सर्व्हरपर्यंत पोचलेलाच नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा घोळ लूप माउंटचा, म्हणजे आयएसओ फाइल डिस्कसारखी फोल्डरवर जोडण्याचा. आयएसओ एका फोल्डरवर माउंट केला आणि त्याच्या वरचं फोल्डर एक्स्पोर्ट केलं, की सर्व्हरवर सगळं दिसतं आणि क्लायंटला ते फोल्डर रिकामं! एनएफएस आपणहून दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये शिरत नाही. एक्स्पोर्ट्स फाइलीत वरच्या फोल्डरच्या ओळीत 'क्रॉसएमएनटी' (crossmnt) घाला, नाहीतर आयएसओच्या माउंटला स्वतःची ओळ आणि ठरावीक एफएसआयडी (fsid, फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक) द्या. क्लायंट चालू असताना आयएसओ बदलू नका, 'स्टेल फाइल हँडल' (क्लायंटकडची फाइलीची खूण शिळी झाली) ही एरर ठरलेली.

एक्स्पोर्ट्स फाइलीत आयपी आणि कंस यांच्यात जागा सोडू नका. सोडली तर कंसातले पर्याय साऱ्या जगाला लागू होतात आणि तुमच्या लॅबला नुसते डीफॉल्ट. इथं 'आरओ' (ro, फक्त वाचायला) आणि 'नो सबट्री चेक' (no_subtree_check) पुरतं.

मिंट-उबंटूच्या इनिटआरडीतलं (बूटच्या सुरुवातीला चालणारी छोटी सिस्टिम) माउंटचं छोटं टूल एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीपुढचं बोलत नाही. सर्व्हरवर फक्त चौथी चालू ठेवली की सगळं तिथंच थांबतं. तिसरीला २०४९ या पोर्टासोबत १११ आणि माउंटडीचा पोर्टही लागतो. डेबियनवर माउंटडीचा पोर्ट दर वेळी बदलतो, म्हणून एनएफएस कॉन्फ फाइलीत तो २००४८ वर बांधून मगच फायरवॉल उघडा.

मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच असेल तर त्यातला स्पॅनिंग ट्री (केबलींचे फेरे टाळणारी सोय) केबलचा पोर्ट सुरू करायला ३० सेकंद घेतो, तोवर इनिटआरडी डीएचसीपीचा (आयपी पत्ता मागण्याचा) नाद सोडून मोकळा होतो. क्लायंटच्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट टाळणारी सेटिंग) लावा.

उरलं हार्डवेअर. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात आरजे-४५ च्या (नेटवर्क केबलच्या टोकाचा जॅक) पिना काळपट पडतात आणि गिगाबिटची लिंक गुपचूप १०० एमबीपीएसवर येते. एथटूल (ethtool) या कमांडनं वेग बघा. सर्व्हरचीच लिंक अशी घसरली तर सेकंदाला ११-१२ एमबी मिळतात. दहा मशिनांनी तीन-तीन जीबी ओढलं तर पाऊण तास धरा. पिना घासत बसू नका, जॅक कापून नवा क्रिंप करा.

वीज गेली तर सर्व्हरइतकाच स्विचही यूपीएसवर हवा. 'सर्व्हर नॉट रिस्पाँडिंग' दिसलं म्हणून लगेच क्लायंट रीस्टार्ट करू नका. माउंट हार्ड असतं, म्हणजे उत्तर येईपर्यंत वाट बघतं; सर्व्हर परतला की इन्स्टॉल थांबल्या जागेवरून पुढे सरकतं.