पंचांगातले दोन वेध

शके 1947 चे, म्हणजे विश्वावसु नाम संवत्सराचे पंचांग वर्षभर वापरून झाले आणि पाडवा तोंडावर आला, तेव्हा नवी प्रत आणण्यापूर्वी या जुन्या प्रतीविषयी लिहावे असे ठरवले. प्रकाशकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जे म्हणायचे आहे ते महाराष्ट्रात चित्रापक्षाने (राशिचक्राचा आरंभ चित्रा ताऱ्यावरून धरून) गणित करून निघणाऱ्या बहुतेक पंचांगांना सारखेच लागू आहे. आमच्या घरी हे पंचांग आम्ही दोघे वाचतो. आई ते शास्त्र म्हणून वाचते आणि आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेला मी ते ग्रहगणिताचे कोष्टक म्हणून वाचतो. गंमत अशी की पुष्कळदा आम्हा दोघांचे बोट एकाच ओळीवर असते.

वस्तूची परीक्षा तिच्या मुख्य कामावरून करावी, म्हणून 7 सप्टेंबर 2025 च्या खग्रास चंद्रग्रहणाला मी ही प्रत घेऊन गच्चीवर गेलो. ग्रहणाचा स्पर्श (सुरुवात) 21:57, संमीलन (बिंब पूर्ण झाकले जाणे) 23:01, मध्य 23:42, उन्मीलन (बिंब पुन्हा उघडू लागणे) 24:23 आणि मोक्ष (शेवट) 25:27 असे आकडे होते. (मध्यरात्रीनंतरचे तास चोविसात मिळवून छापण्याची ही पद्धत नवख्याला गोंधळात टाकते, पण तिथीच्या हिशेबाला ती फार सोयीची आहे.) स्पर्श ढगांनी खाल्ला. उन्मीलनाच्या वेळी मात्र आकाश थोडे उघडले आणि तांबूस पडलेल्या बिंबाच्या कडेवर पुन्हा उजेडाची चीर दिसली ती छापलेल्या मिनिटालाच. नुसत्या डोळ्यांनी पाहताना मिनिटा-दोन मिनिटांची जी चूक होणारच, तिच्या आत सगळे बसले. त्याच पानावर खाली वेधाचे नियम होते आणि त्यांप्रमाणे आईने दुपारपासून काही खाल्ले नव्हते. आकाशातली वस्तू पाहून मोजणे हाही वेध आणि ग्रहणापूर्वी अन्न वर्ज्य करणे हाही वेध. मराठीने दोहोंना एकच शब्द दिला आहे आणि पंचांगाने एकच पान; यातला पहिला वेध कुणालाही गच्चीवर जाऊन तपासता येतो, दुसरा तपासण्याची सोयच नाही.

पहिल्या वेधाची ही अचूकता पंचांगाला परंपरेने आपोआप मिळालेली नाही, हे या प्रतीच्या लांबलचक प्रस्तावनेत कुठेही सांगितलेले नाही, आणि माझ्या मते ही तिची सर्वांत मोठी उणीव आहे. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 साली ग्रहलाघव रचला. ज्या-चापाची, म्हणजे त्रिकोणमितीची, कटकट टाळून ग्रह काढण्याची त्यांची युक्ती इतकी सोपी होती की पुढची साडेतीनशे वर्षे आपली पंचांगे तिच्यावरच चालली. पण साचत गेलेली चूक एकोणिसाव्या शतकात ग्रहणांच्या वेळांतून उघड दिसू लागली होती. केरो लक्ष्मण छत्रे यांनी आधुनिक कोष्टकांवरून गणित करून 1865 साली पटवर्धनी पंचांग सुरू केले, पुढे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी ते काम तडीस नेले, लोकमान्य टिळकांनी पंचांगशुद्धीची बाजू लावून धरली, आणि तरीही धर्मकृत्यांना जुनेच गणित हवे, डोळ्यांना दिसणारे नको, असे म्हणणारे शास्त्री दीर्घकाळ अडून राहिले. त्यांचा आधार ‘बाणवृद्धी रसक्षय’ हा होता, म्हणजे तिथी साठ घटिकांहून (एक घटिका 24 मिनिटांची) फार तर पाचाने वाढेल आणि सहाने घटेल. प्रत्यक्ष चंद्र मात्र सातापर्यंत वाढतो आणि दहापर्यंत घटतो. अखेर चंद्राचे म्हणणे मान्य झाले. श्रद्धेने पुराव्यापुढे माघार घेतल्याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल, आणि ती घेतल्याने कुणाचे एकही व्रत बुडालेले नाही.

या वर्षीच्या दिवाळीला हा सगळा इतिहास एका ओळीत सापडला. आश्विन अमावास्या 20 ऑक्टोबरला 15:44 ला लागून 21 ऑक्टोबरला 17:54 ला संपली, म्हणजे 26 तास 10 मिनिटे चालली. जुन्या नियमाची कमाल मर्यादा 65 घटिकांची, म्हणजे बरोबर 26 तासांची. ही अमावास्या तेवढ्यात मावलीच नसती. उत्तरेत बहुतेक ठिकाणी लक्ष्मीपूजन 20 तारखेला झाले आणि आपल्याकडे 21 तारखेला, त्यावर ‘पंचांगवाल्यांचे एकमत का होत नाही’ असा सूर सगळीकडे लागला. वास्तविक अमावास्या कधी संपली याविषयी दोन्ही बाजूंत मतभेद जवळजवळ नव्हताच. मुंबई-पुण्यात ती सूर्यास्तापूर्वीच संपत होती, तरी दुसऱ्या दिवशी अमावास्या पुरेशी मोठी असून पुढची प्रतिपदा तिच्याहूनही मोठी असेल तर दुसरा दिवस घ्यावा, या वचनाचा आधार आपल्या पंचांगकर्त्यांनी घेतला. वाद वचनांचा होता, आकाशाचा नव्हता. माझ्या प्रतीने समाप्तीची वेळ आणि निर्णयामागचे वचन अशी दोन्ही छापली होती, हे मला फार आवडले. मोबाइलवरच्या अनेक अ‍ॅपांवर नुसती तारीख मिळते.

मकरसंक्रांतीच्या बाबतीत मात्र माघार अर्ध्यावरच थांबली आहे. सूर्याचे उत्तरायण प्रत्यक्षात 21 डिसेंबरला सुरू झाले, ते या प्रतीत ‘सायन मकर’ (सायन म्हणजे ऋतूंशी बांधलेले) म्हणून बारीक अक्षरांत आहे. तिळगुळाची संक्रांत 14 जानेवारीला ठळक अक्षरांत आहे. आणि टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत ती 10 जानेवारीच्या सुमारास होऊन गेलेली असते, कारण राशिचक्राचा आरंभबिंदू चित्रेवरून धरायचा की रेवतीवरून, या भांडणातला सुमारे चार अंशांचा फरक अजून मिटलेला नाही. संपातबिंदू (दिवस-रात्र समान असतानाची सूर्याची जागा) दर 72 वर्षांनी साधारण एक अंश मागे सरकतो, त्यामुळे चित्रापक्षाच्या हिशेबाने इसवी सन 285 च्या आसपास एकत्र असलेल्या उत्तरायण आणि संक्रांत या दोन घटना आता चोवीस दिवसांनी दूर गेल्या आहेत आणि पुढेही जातच राहणार आहेत. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायन पंचांगाचा आग्रह धरला, तो टिकला नाही. शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या पंचांग सुधारणा समितीनेही 1955 च्या अहवालात तडजोडच केली, आणि 22 मार्च 1957 पासून लागू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका नागरी तारखांपुरती सायन ठेवून सणवार निरयन, म्हणजे ताऱ्यांशी बांधलेल्या, पद्धतीवर सोडले. मला यात फसवणूक दिसत नाही. आईला संक्रांतीचा हलवा चौदाला हवा असेल तर अयनबिंदूची (सूर्य उत्तरेकडे वळतो त्या बिंदूची) त्याला हरकत असण्याचे कारण नाही. पण ‘या दिवसापासून उत्तरायण’ हे वाक्य त्या तारखेखाली छापणे ही उघड चूक आहे, तीही पंचांगकर्त्याला ठाऊक असलेली, कारण खरी तारीख त्यानेच तीन आठवडे आधीच्या पानावर दिली आहे.

पर्जन्यविचाराचे पान फाडून टाकावे इतके निरुपयोगी आहे. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नवाने भागायचे आणि बाकीवरून वाहन ठरवायचे: बेडूक, म्हैस, हत्ती आले तर भरपूर पाऊस. यात ढग, वारा, समुद्राचे तापमान यांपैकी कशाचीही नोंद येत नाही. सूर्य मृगात शिरला 8 जूनला. मोसमी पाऊस मुंबईत 26 मे 2025 रोजीच पोहोचला होता. जो शेतकरी हे पान पाहून पेरणीचा दिवस ठरवतो, त्याला ग्रहणाच्या पानाची अचूकता ठाऊक असते आणि तोच विश्वास तो इथे घेऊन येतो, कारण दोन्ही पानांचा टाइप एकच आहे.

शुक्रास्ताची पाने बरी आहेत. 6 जानेवारी 2026 ला शुक्र सूर्याच्या पलीकडे होता आणि आधी-नंतर काही आठवडे तो दिसला नाही हे खरेच, त्यात लग्ने का होऊ नयेत हा नियमाचा भाग. कागद पातळ, शाई पाठीमागे उमटते, संक्षेपांची सूची शोधावी लागते. गावोगावच्या उदयास्तांची कोष्टके मात्र उत्तम आहेत. 3 मार्च 2026 च्या ग्रहणाचा मोक्ष सर्वत्र 18:47 ला होता, पण नागपूरला चंद्र ग्रासलेलाच उगवून बराच वेळ दिसला आणि मुंबईत जेमतेम दोन-चार मिनिटे हाती आली, हा फरक या कोष्टकांवरून आधीच काढता आला.

शके 1948 ची प्रत मी घेणारच आहे. 17 मेपासून अधिक ज्येष्ठ आहे, तेव्हा आई दुकानातच ते पान उघडून पाहील. मला प्रकाशकाकडून एवढेच हवे आहे की गणिताची पाने एका रंगात आणि फलाची पाने दुसऱ्या रंगात छापावीत. मुखपृष्ठाला चार रंग परवडतात, त्यांतला एक आत वापरावा.