टुरिस्ट व्हिसावर दुबईत नोकरी? आधी हे वाचा

दापोली-गुहागर पट्ट्यात एक एजंट फिरतोय. "दुबईत इलेक्ट्रिशियन, 1,800 दिरहम पगार, राहणं-जेवण कंपनीचं." माझा धाकटा भाऊ याच्यामार्फत गेला आणि हात हलवत परत आला.

घेतले 90,000 रुपये. निम्मे रोख, निम्मे कुठल्याशा बाईच्या खात्यावर; पावती नाहीच. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन.

खरी गोम व्हिसात होती. भाऊ दहावी नापास, त्यामुळे पासपोर्ट ईसीआर, म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' शिक्क्याचा. अशा माणसाला आखातात नोकरीला जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते, त्यात नोकरीचा करार दाखवावा लागतो. ते टाळायला याने टुरिस्ट व्हिसा काढला आणि विमानतळावरचं उत्तर पाठ करून घेतलं: "मामाकडे फिरायला चाललोय म्हण, कामाचं नाव काढू नको." भावाने विचारलं, "काका, नोकरीचा व्हिसा कधी मिळणार?" तर म्हणे, "तिथे पोचलास की बदलून देतात." बदलतात, नाही असं नाही; पण त्यासाठी तुम्हाला घेणारी खरी कंपनी लागते. ऑफर लेटरवरच्या पत्त्यावर मोबाईलचं दुकान निघालं.

मग शारजातल्या एका गोदामात पोती उचलायला लावलं. महिना भरल्यावर पगार मागितला, तर मुकादम म्हणतो, "तुझं परमिट कुठाय? जा, कर तक्रार." करणार कुठे? टुरिस्ट व्हिसावर काम करणं हाच तिथे गुन्हा. वर व्हिसा संपला की दिवसाला 50 दिरहम दंड. गावातले एक चाचा तिथे जुने आहेत, त्यांनी दंड भरून तिकीट काढून दिलं. हे पैसे आता आम्ही हप्त्याने फेडतोय.

एजंटने लायसनचा फोटो पाठवला होता. तो खरा होता, पण मुंबईच्या दुसऱ्याच एजन्सीचा! म्हणून नुसता नंबर बघून थांबू नका. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजन्सी शोधा आणि तिथे दिलेल्या फोनवर विचारा, हा माणूस तुमचाच का. जाहिरातीतल्या नंबरवर विचारलंत तर 'हो'च ऐकू येणार.

पोलिसांत तक्रार दिलीय. आमचा फोन तो उचलत नाही, पण व्हॉट्सअॅप स्टेटस चालू आहे: "कुवेत, ड्रायव्हर पाहिजेत, व्हिसा तयार."