जीव्हज ऑम्निबस, खंड पहिला : शेवटून सुरू करा

डाव्या मनगटाला प्लॅस्टर, सहा आठवडे घरी बसायची शिक्षा, आणि बहिणीने भेटीला येताना आणलं काय, तर दोन्ही हातांनी उचलावं लागेल असं पुस्तक. 'जीव्हज ऑम्निबस'चा पहिला खंड. इंग्रज विनोदी लेखक पी. जी. वुडहाउसची तीन पुस्तकं एकाच बांधणीत : 'थँक यू, जीव्हज' (१९३४), 'द कोड ऑफ द वूस्टर्स' (१९३८) आणि 'दि इनिमिटेबल जीव्हज' (१९२३). साल बघितलंत ना? त्यावर माझं भांडण आहे, पण आधी वजनाचं बोलू.

हे पुस्तक उताणं पडून वाचायचं नाही. पहिल्याच रात्री माझा डोळा लागला आणि तिन्ही पुस्तकं एकदम नाकावर आली. शेवटी मांडीवर उशी, उशीवर पुस्तक आणि डावीकडच्या पानांना कपडे वाळत घालायचा चिमटा, अशी सोय केली. सुरुवातीची शंभर आणि शेवटची शंभर पानं मिटायलाच बघतात. मधलं पुस्तक मात्र ऐसपैस उघडं पडतं, आणि नशीब असं की तेच सगळ्यात भारी आहे. टाइप डोळ्यांना सोसवेल असा आहे, पण आतला समास फार कंजूष. ओळीचा शेवटचा शब्द मधल्या खाचेत बुडतो. वुडहाउसच्या वाक्यातली गंमत बहुतेक वेळा शेवटच्या शब्दातच असते. मग पुस्तक दाबून धरायचं. एका हाताने.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : बर्टी वूस्टर हा लंडनमधला तरुण, पैशाला कमी नाही, कामधंदा नाही, आणि मित्राला नाही म्हणायची हिंमत नाही. जीव्हज हा त्याचा खासगी सेवक. घोळ बर्टी घालतो, निस्तरतो जीव्हज, आणि मोबदल्यात बर्टीच्या एखाद्या भडक कपड्याचा किंवा वाद्याचा बळी घेतो. तिन्ही पुस्तकांत हेच चालतं. सलग वाचलं तर कंटाळा येईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. सुटं पुस्तक वाचताना एखादं पात्र येतं, हसवतं, जातं. जोडखंडात ते परत भेटतं, आणि मागे काय झालं होतं ते बोट घालून लगेच बघता येतं.

फक्त ते 'मागे' इथे पुढे आहे.

उदाहरण देते. पहिल्याच पुस्तकात सर रॉडरिक ग्लॉसप भेटतात. वेड्यांचे मोठे डॉक्टर. न्यू यॉर्कमध्ये बर्टीचं पॉलीन स्टोकरशी जमलेलं लग्न दोन दिवसांत मोडतं, कारण हा माणूस तिच्या बापाला सांगतो की पोरगं ठार वेडं आहे. ठीक. पण ग्लॉसपना तसं वाटलं का? बर्टीकडे जेवायला आले असताना त्याच्या झोपायच्या खोलीत मांजरं निघाली म्हणून! मांजरांचा त्यांना भयंकर तिटकारा. वर तिथे मासा, आणि रस्त्यात त्यांच्याच डोक्यावरून पळवलेली हॅट. त्या जेवणाची अख्खी गोष्ट १९२३च्या पुस्तकात आहे, म्हणजे या खंडात अगदी शेवटी. आधी वरात, मग साखरपुडा. पहिल्या पुस्तकाच्या शेवटाकडे बर्टी आणि ग्लॉसप यांचं गूळपीठ जमतं, त्याची खरी मजा मूळ भांडण वाचलेलं असेल तरच कळते.

म्हणून माझा सल्ला : तिसऱ्यापासून सुरू करा. त्यातल्या कथा आधी 'स्ट्रँड' मासिकात सुट्या आल्या होत्या. मग ११ कथांची १८ प्रकरणं करून कादंबरीचा आव आणला. शिवण दिसते. एक प्रकरण ऐन रंगात तुटतं आणि पुढचं नव्या मथळ्याखाली तिथूनच चालू होतं. पण बर्टीचा मित्र बिंगो लिटल दर दोन प्रकरणांनी नव्या मुलीच्या प्रेमात पडतो, हे एकापाठोपाठ पाहिलं की शिवण विसरायला होते. आणि पाद्र्यांच्या प्रवचनांची ती शर्यत! गावोगावचे पाद्री, त्यांना न विचारता लावलेले पैसे, कुणाचं प्रवचन सगळ्यात लांब जातं त्यावर. घोड्यांना वजन लादावं तशी लांबण लावणाऱ्यांसमोर इतरांना मिनिटांची सूट. यात विनोद करायचाय असं लेखक कुठेही दाखवत नाही; नुसता हिशेब मांडतो, रेसकोर्सच्या गांभीर्याने.

आता मधलं पुस्तक. इथे थांबावंच लागेल. दूध ओतायचा चांदीचा एक जुना बुधला, गायीच्या आकाराचा. शेपटी वळून पाठीला टेकलेली, तोच धरायचा कान. बर्टीच्या बुधल्यावेड्या काकांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, तो हवा असतो, आणि सर वॉटकिन बॅसेट या दुसऱ्या संग्राहकाने तो लबाडीने पटकावलेला असतो. आत्याचा हुकूम : जा आणि चोरून आण, नाहीतर माझ्या आचाऱ्याच्या हातचं जेवण बंद. मी हसत होते म्हणून आतून आवाज आला, "काय झालं गं?" मी म्हटलं, "अहो, एक गाय आहे, चांदीची, आणि ती चोरायचीय." यांनी थोडं थांबून विचारलं, "मग?" सांगून टिकणारी गंमत नाही ही. ती वाक्यांच्या चालीत आहे.

एक प्रसंग तरी बघा. स्टिफी नावाच्या मुलीच्या खोलीत बर्टी आणि जीव्हज एक वही शोधायला शिरतात. तिथे तिचा कुत्रा. दात दिसतात. बर्टी ड्रॉवरच्या कपाटावर चढून बसतो, ते समजू शकतं. पण वर बघतो तर मोठ्या कपाटाच्या माथ्यावर जीव्हज! इतकी पानं ज्याची पावलंसुद्धा वाजली नाहीत तो माणूस तिथे पोचला कसा, ते लेखक फार रेंगाळत सांगत नाही. आणि तिथून दोघांचा संवाद चालतो तो दिवाणखान्यात चहा घेत बसल्यासारखा. जीव्हजच्या भाषेचं एक बटण सुटत नाही. हे पान मी प्लॅस्टरसकट तीनदा वाचलं.

याच पुस्तकात रॉडरिक स्पोड आहे, 'ब्लॅक शॉर्ट्स'चा पुढारी. इंग्लंडमध्ये तेव्हा ऑस्वल्ड मोस्ली या फॅसिस्ट पुढाऱ्याचे काळे शर्टवाले संचलन करत होते. स्पोडने संघटना काढेपर्यंत शर्ट संपलेले, म्हणून काळ्या अर्ध्या चड्ड्या. अशा माणसाला गप्प करायला जीव्हजला एक नाव पुरतं. ते का पुरतं हे मी फोडणार नाही. मात्र १९४१ साली याच लेखकाने जर्मनांच्या कैदेतून सुटल्यावर बर्लिन रेडिओवर हलकीफुलकी भाषणं केली, आणि मायदेशात देशद्रोहाचा गिल्ला झाला. तो परत इंग्लंडला राहायला गेला नाही. स्पोड रेखाटणाऱ्याला ते माइक कुणाचे आहेत हे कळू नये, याचं मला अजून नवल वाटतं.

खटकलेलं एक. 'थँक यू, जीव्हज'मध्ये तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीय गायकांची नक्कल करण्यावर निम्मं कथानक उभं आहे, आणि त्या गायकांसाठी वापरलेला शब्द आज वाचवत नाही. बूट पॉलिश काढायला लोणी शोधत बर्टी रात्रभर भटकतो, ती धावपळ रचलीय फक्कड. पण त्या भागात माझं हसू वारंवार अडकलं. काळ तसा होता म्हणून सोडून देता येत नाही मला. भेट देणार असाल तर माहीत असू द्या.

प्लॅस्टर गेल्या आठवड्यात निघालं. पुस्तक आता यांच्याकडे आहे. "शेवटच्यापासून सुरू करा" असं मी दोनदा बजावलं होतं. काल रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून प्रश्न आला : "अगं, तो ग्लॉसप त्याला वेडा का समजतो?"

मी झोपेचं सोंग घेतलं.