हेडिंग्लेजवळचा रग्बी लीगवाला पब : मॅच बघायला जाच

लीड्समध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी कुणाला रग्बी लीग समजून घ्यायची असेल तर हेडिंग्ले स्टेडियमजवळच्या या छोट्या पबात मॅचच्या दिवशी जा, कारण इथली गर्दी म्हणजे चालताबोलता इतिहास आहे. १३ खेळाडूंचा खेळ, सहा टॅकलनंतर (बॉलवाल्याला सहा वेळा पकडून थांबवलं की) बॉल समोरच्यांना, एवढं बेसिक तर शेजारी बसलेले काका पाच मिनिटांत समजावतात आणि मग सुरू होतात ते थेट २०२५ च्या चॅलेंज कप या नॉकआउट स्पर्धेच्या फायनलवर, हल केआर क्लबने शेवटच्या मिनिटांत ट्राय मारून (म्हणजे बॉल समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे टेकवून) वॉरिंग्टनला ८-६ ने हरवलं, ४० वर्षांनी मोठी ट्रॉफी, आणि हे सांगणारा माणूस हल केआरचा नाही, इथल्याच क्लबचा, लीड्स ऱ्हायनोजचा बरं का!

अ‍ॅशेसला (क्रिकेटची नव्हे, रग्बी लीगची इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिका) तर सगळ्या क्लबचे लोक एकत्र, विगन आणि सेंट हेलेन्स या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबांच्या जर्सी एकाच टेबलावर. ऑस्ट्रेलियाने ३-० धुतलं तरी कुणी उठून गेलं नाही, वाद एकच की इंटरनॅशनल मॅच दरवर्षी भरपूर ठेवल्याशिवाय टीम तयार कशी होणार, आणि मला हे शंभर टक्के पटतं.

व्हेज लोकांनी चीज-अनियन पाय घ्या, सोबत मशी पीज (शिजवून मऊ केलेले वाटाणे), गरमागरम येतं. एकच तक्रार, फुटबॉल असेल तर मोठा स्क्रीन तिकडे जातो आणि आपल्याला कोपऱ्यातला टीव्ही, तोही आवाज बंद करून, हे बदलायलाच हवं राव. पाचपैकी चार स्टार.